पोटखराब्यावरची हिरवळ

कोकणातल्या पर्यटनाबद्दल चार माणसं बोलायला बसली की कोणीतरी गोल्फवर येतंच. युक्तिवाद साधारण ठरलेला असतो. गणपतीपुळ्याला माणसं रीघ लावून येतात, पण दर्शन घेतात, डोंगराला प्रदक्षिणा घालतात, पुळणीवर तासभर पाय भिजवतात, उकडीचे मोदक खातात आणि आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी गाठतात. गर्दी येते, पैसा थांबत नाही. चार रात्री राहणारा, खर्चाला मागेपुढे न पाहणारा पाहुणा हवा असेल तर त्याला चार दिवसांचा उद्योग द्यायला हवा, आणि असा पाहुणा जगभर गोल्फच्या मागे फिरतो. पाण्याचं काय, असं विचाराल तर उत्तर तयार असतं. तो जुना गोल्फ. आताचा गोल्फ शाश्वत आहे. सांडपाणी शुद्ध करून वापरतात, खाऱ्या पाण्यावर तगणारं गवत लावतात, पावसाचं पाणी तळ्यात धरतात, मैदानावर पक्षी मोजतात, आणि या सगळ्यावर एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा शिक्का मिळतो. जागेचीही अडचण नाही. वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, एकरच्या एकर कातळ उघडा पडलेला आहे, सातबाऱ्यावर त्याची नोंदच पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, अशी आहे. पोटखराब्यावर हिरवळ आली तर कोणाचं काय गेलं?

गणपतीपुळ्यात आज गोल्फचं मैदान नाही. पण कोकणात एखादा प्रकल्प गावाला खरा कळतो तो यंत्रं कातळावर येऊन उभी राहिल्यावर. बारसूत 2023 च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षणाच्या गाड्या आल्या तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या, आणि शांतपणे वाद घालायची वेळ तोवर टळून गेली होती. म्हणून हा वाद मैदान नसतानाच घालून घेतलेला बरा.

समोरच्याच्या बोलण्यात जे खरं आहे ते आधी मान्य करतो. गोल्फला पर्यावरणाची जाग आली आहे आणि ती नुसती जाहिरात नाही. अमेरिकेत ऑडुबॉनच्या नावाने मैदानांसाठी चालणारा निसर्गरक्षणाचा कार्यक्रम 1991 पासून सुरू आहे. तिथल्या मैदान-व्यवस्थापकांच्या संघटनेच्या पाहणीनुसार 2005 ते 2020 या काळात अमेरिकी गोल्फचा पाणीवापर 29 टक्क्यांनी उतरला. काही मैदानं बंद पडली हे त्यातलं एक कारण आहे, पण पाणी पाजायचं क्षेत्रही कमी केलं गेलं, फवारे नेमके झाले, कमी पाण्यात निभावणाऱ्या गवताच्या जाती आल्या. खेळाशीही माझं भांडण नाही. 7 ऑगस्ट 2021 च्या सकाळी टोकियोत अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर होती, आणि ज्यांनी जन्मात गोल्फची काठी हातात धरलेली नाही अशी माणसं टीव्हीसमोर बसून एकमेकांना नियम विचारत होती. ती चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला गेला आणि देश ती सकाळ विसरला, हा तिच्यावरचा अन्यायच म्हणायचा.

तर ही जी जाग आली आहे, ती कशापायी आली ते पाहायला हवं. जगात सुमारे 38 हजार गोल्फ मैदानं आहेत. ती आहेत, त्यांचं आता काय करायचं, या प्रश्नातून शाश्वत गोल्फची सगळी विद्या जन्मली. आपल्याकडचंच पाहा. येरवड्याचा पूना गोल्फ क्लब 1885 चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी 1927 चा. भोवती शहर दाटत गेलं आणि इंग्रज साहेबांच्या हौसेची ती मैदानं आज त्या भागातली मोठी सावली होऊन बसली आहेत. शहरात सांडपाण्याला तोटा नाही. त्या मैदानांनी पिण्याचं पाणी सोडून तेच वापरलं, फवारणी निम्मी केली, कडेचं गवत वाढू दिलं, तर शहराचं भलंच होईल, आणि तसं करणाऱ्याला शिक्का जरूर द्यावा. पण ही दुरुस्तीची विद्या आहे. दुरुस्तीचा दाखला नव्या बांधकामाचा परवाना म्हणून पुढे केला जातो, तिथे माझी हरकत सुरू होते.

चेंबूरच्या मैदानाची तुलना कुंपणाबाहेरच्या सिमेंटशी होते, म्हणून ते जिंकतं. पुळ्याच्या वरच्या मैदानाची तुलना सड्याशी करावी लागेल. सडा उन्हाळ्यात पाहिला तर काळा, करपलेला, ओसाड दिसतो, आणि मोजणीला येणारा माणूस बहुधा उन्हाळ्यातच येतो. पहिल्या पावसात त्याच कातळाच्या भेगांतून दीपकाडी वर येते. हिची एक जात कोकण-गोव्याच्या जांभ्या सड्यांपलीकडे कुठे वाढत नाही. पाऊस मुरला की खळग्याखळग्यांत पाणी साठतं, बेडूक ओरडतात, आणि श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं, गेंद, कवला, तेरडा यांचे पट्टे पसरतात. गुरं तिथेच चरतात. बोटभर मातीवर उगवणारं हे सगळं दिवाळीनंतर दिसेनासं होतं आणि कातळ पुन्हा पोटखराब म्हणवून घ्यायला मोकळा होतो. याच कातळावर कोणा आदिमानवाने हत्ती, मासे, माणसं खोदून ठेवली. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षी आणि जांभरुण इथली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. अशी चित्रं अजून कुठल्या सड्यावर मातीखाली झाकलेली आहेत याचा शोध संपलेला नाही. गोल्फच्या मैदानासाठी या कातळावर आधी सुरुंग लावावा लागेल, मग दुसरीकडची माती आणून फूटभर जाडीचा थर द्यावा लागेल. ती माती कुठल्या डोंगराची, हे माहितीपत्रकात नसतं.

इथे कोणी तरी हमखास म्हणतो, आणि त्याचं म्हणणं टाळण्याजोगं नाही: तुमच्या आंबाबागा तरी कुठे सोवळ्या आहेत? कातळ फोडून, माती भरून हापूसची कलमं तुम्हीच लावलीत. झाडाला कल्टारसारखं संजीवक तुम्हीच घालता, मोहोरावर फवारण्या तुम्हीच मारता. खरं आहे. सड्याची खराबी गोल्फवाल्यांच्या आधी आम्ही कोकणी माणसांनीच सुरू केली, आणि चिरेखाणींनी ती पुढे नेली. पण त्यातून निघतं काय? कलम पहिली काही वर्षं घड्याने पाणी पितं, मग मुळं खाली गेली की पावसावर उभं राहतं आणि दोन पिढ्या पोसतं. हिरवळीला असं वयात येणं नसतं. ती पन्नासाव्या वर्षीही पहिल्या दिवसाइतकीच तहानलेली. आणि फवारणीचं म्हणाल तर बागेत जे चुकतंय ते सुधारायचा वाद वेगळा आहे; त्या चुकीच्या शेजारी आणखी एक उभी करायला तो आधार होत नाही.

पाण्याचा हिशेब मात्र सावकाश करू, कारण सगळं तिथेच अडतं. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. हा आकडा ऐकून बाहेरचा माणूस म्हणतो, मग अडचण कसली? अडचण अशी की तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. पाणी कातळातून झिरपत खाली झऱ्याला, विहिरीला येतं, उरलेलं पऱ्याने धावत खाडीला मिळतं. मार्च उजाडला की झरे बारीक होतात आणि एप्रिल-मे महिन्यांत याच जिल्ह्यातल्या वाड्यांना टँकर लागतो. ज्या जिल्ह्यात छत्री चार महिने हातातून सुटत नाही, तिथे हंड्यांची रांग लागते. हे दर वर्षाचं आहे, एखाद्या अवर्षणाचं नाही.

आता गोल्फचं वेळापत्रक त्यावर ठेवून पाहा. पावसाळ्याचे चार महिने इथे कोणी खेळायला येणार नाही. त्या काळात हिरवळीला पाणी नको असतं, पण बुरशी लागते, म्हणून बुरशीनाशकं लागतात, आणि जो पाऊस खत-औषध टिकू देत नाही तोच ते घेऊन खाली वाडीतल्या विहिरींकडे आणि खाडीकडे जातो. खाडीत बायका मुळे आणि कालवं काढतात. पाहुणा येणार नोव्हेंबर ते मे, म्हणजे ज्या महिन्यांत गावच पाण्याला मोताद असतं त्याच महिन्यांत मैदान हिरवंगार दिसायला हवं.

किती पाणी? अठरा होलचं मैदान साधारण पन्नास-साठ हेक्टर जागा घेतं. त्यातलं पंचवीस हेक्टरच पाण्यावर ठेवलं असं धरू. ही शाश्वत गोल्फला दिलेली सवलत समजा. कोकणातल्या उन्हात गवताला रोज चार मिलिमीटर पाणी लागतं असं धरू. हीसुद्धा सवलतच आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. गुणाकार केला की रोजचे दहा लाख लिटर होतात. दहा हजार लिटरचे शंभर टँकर, दररोज. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी द्यायचं मान्य केलेलं आहे. त्या मापाने हे अठरा हजार माणसांचं पाणी झालं. गणपतीपुळे, मालगुंड आणि आजूबाजूच्या वाड्या एकत्र धरून सणाच्या दिवसाखेरीज एवढी माणसं जमवायची तर कठीण जाईल.

सांडपाणी वापरू, हे यावरचं पहिलं उत्तर. चेंबूरला ते चालेल, कारण खाली शहराचं गटार वाहतंय. कोकणातल्या किनारी गावांत गटारांचं जाळं नाही. सेप्टिक टँक आणि शोषखड्डे आहेत. म्हणजे सांडपाणी रिसॉर्टच्या पाहुण्यांनीच निर्माण करायचं. एका पाहुण्यामागे दीडशे-दोनशे लिटर धरलं तर दहा लाख लिटरांसाठी रोज पाच ते साडेसहा हजार पाहुणे मुक्कामाला हवेत. आणि त्यांना आंघोळीला, प्यायला, धुण्याला आधी गोडं पाणी कोणीतरी पुरवायला हवं. ते कुठून येणार? हा प्रश्न ज्या विहिरीपासून सुरू झाला त्याच विहिरीपाशी येऊन बसतो.

पावसाचं पाणी साठवू, हे दुसरं. चांगली गोष्ट. नोव्हेंबर ते मे दोनशे दिवस मोजले तर वीस कोटी लिटर होतात. पाच मीटर खोल तळं खोदलं आणि उन्हात उडून जाणारं मीटरभर पाणी हिशेबात घेतलं, तर पाच हेक्टरांचं, म्हणजे बारा एकरांहून मोठं तळं लागेल. जांभ्यात खोदलेलं तळं पाणी धरत नाही, त्याला तळापासून काठापर्यंत प्लास्टिकचा कागद अंथरावा लागतो. शेततळ्यांमुळे हे आता कोणाला नवं नाही. म्हणजे सड्यावर पडून खालच्या झऱ्यांना जाणारं पाणी प्लास्टिकमध्ये अडवायचं, आणि एवढ्या खोदकामाला पर्यावरणपूरक जलसंधारण म्हणायचं. तळ्याभोवती बदकं येतील. ती मोजलीही जातील.

तिसरं उत्तर सगळ्यात हुशार आहे. समुद्रकाठी उगवणारं पॅस्पालम नावाचं गवत खारट पाण्यावर जगतं. उष्ण देशांतल्या किनारी मैदानांवर ते आता बरंच दिसतं. पण खाऱ्या पाण्यातलं मीठ जमिनीत साठत जातं, आणि मधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन काढलं नाही तर तेही गवत झुरतं. कोकणात ते काम पाऊस फुकट करील, असं म्हणता येईल, आणि करीलही. धुऊन नेईल कुठे, एवढंच सांगा. आठ महिने सड्यावर ओतलेलं मीठ पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात खालच्या वाडीच्या विहिरीत उतरेल. किनाऱ्यालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात खारं पाणी शिरण्याचा त्रास आधीच आहे, तो समुद्राकडून येतो. आता तो डोंगराकडूनही येईल.

एक भाबडा युक्तिवादही असतो, तो सोडवत नाही. उष्ण हवामानातल्या गोल्फ मैदानावर जे बर्म्युडा गवत लावतात ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपली हरळीच, म्हणजे दूर्वा. गणपतीच्या गावात दूर्वांचं मैदान, याहून योग्य काय? अंगणातली दूर्वा कोणी पाणी घातलं नाही तरी जगते, उन्हाळ्यात वाळून जाते, पहिल्या सरीला परत उठते. तिच्या चिवटपणाने शेतकरी टेकीला येतो. मैदानावरची जात ही तिची आफ्रिकी गवताशी लावलेली संकरित बहीण. होलभोवतीच्या ग्रीनवर ती तीन-चार मिलिमीटर उंचीवर रोज कापतात. रोज केस भादरलेलं गवत स्वतःच्या मुळांवर उभं राहत नाही, ते पाणी, खत आणि बुरशीनाशकावर उभं राहतं. बाप्पाला वाहायची एकवीस दूर्वांची जुडी त्या मैदानावर शोधून सापडायची नाही.

पाणी कमी पडलं की कोणाचा नळ आधी बंद होतो, याचाही अनुभव गाठीशी आहे. 2016 च्या दुष्काळात आयपीएलच्या मैदानांसाठी लागणाऱ्या पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. याचिकादारांनी सुमारे साठ लाख लिटरांचा आकडा मांडला होता. क्रिकेटवाल्यांनी तेव्हाही शुद्ध केलेलं सांडपाणी वापरायची तयारी दाखवली, महालक्ष्मी रेसकोर्सवरून ते आणायचं ठरत होतं. तरी 13 एप्रिलला न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. ज्या साठ लाखांवरून राज्य ढवळून निघालं, ते आपल्या सवलतीच्या हिशेबातल्या गोल्फला सहा दिवस पुरतात. आणि सामना हलवता येतो, मैदान हलवता येत नाही. फ्रान्समध्ये 2022 च्या उन्हाळ्यात गावकऱ्यांना बागेला पाणी घालायची बंदी होती, गोल्फच्या ग्रीनना मात्र सूट होती. तुलूझजवळ चिडलेल्या कार्यकर्त्यांनी मैदानावरचे होल सिमेंटने बुजवून टाकले. त्यांच्या कृतीचं समर्थन करायचं कारण नाही. पण सूट का मिळाली ते समजून घ्यायला हवं: कोट्यवधी खर्चून लावलेली हिरवळ पाण्याविना काही दिवसांत मरते, म्हणून ऐन टंचाईत तिचा हक्क माणसाच्या परसबागेआधी लागतो. आपल्या तहसील कचेरीत तो लागणार नाही असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

सडा नको तर किनारा घ्या, असं कोणी म्हणेल, आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. गोल्फ वाढला तो स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर. तिथे शेती होत नव्हती, मेंढ्या चरत, गवत थंड झिमझिम पावसावर आपोआप आखूड राहायचं. त्या हवेत तो खेळ निसर्गाच्या अंगाबाहेरचा नव्हता. पण त्याच स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनच्या उत्तरेला मेनी इथे डोनाल्ड ट्रम्प यांनी टेकड्यांवर मैदान बांधलं, ते 2012 मध्ये सुरू झालं. त्या सरकत्या वाळूच्या टेकड्यांना विशेष वैज्ञानिक महत्त्वाची जागा म्हणून संरक्षण होतं. सरकती वाळू गवताने बांधली गेली, आणि 2020 च्या डिसेंबरात तिथल्या निसर्गसंस्थेने ते संरक्षणच काढून घेतलं, कारण जपण्याजोगं जे होतं ते उरलं नव्हतं. गोल्फच्या जन्मभूमीत, गोल्फला मानवणाऱ्या हवेत ही गत. पुळ्याच्या पुळणीमागे मर्यादवेल आहे, केवडा आहे, सुरूचं बन आहे, मग नारळाच्या वाड्या आहेत. किनारा नियमनाच्या 1991 च्या अधिसूचनेतच किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांना वाळूच्या टेकड्या सपाट करायची मनाई होती. 2019 च्या अधिसूचनेतही या टेकड्या सगळ्यात जपायच्या वर्गात आहेत. इथे वाद संपायला हरकत नाही.

मग हा आग्रह टिकून कसा आहे? कारण विकायचं असतं ते वेगळंच. गोल्फचं मैदान एकटं क्वचित येतं. त्याच्या भोवती बंगले येतात, आणि बंगल्याच्या गच्चीतून समोर हिरवं दिसावं म्हणून मैदान येतं. रिओत 2016 च्या ऑलिंपिकसाठी मरापेंडीच्या राखीव निसर्गक्षेत्रातली जमीन घेऊन मैदान केलं आणि कडेला उंच इमारती उभ्या राहिल्या. शाश्वततेचा दाखला त्या मैदानालाही मिळाला. नवी मुंबईत सीवूड्स-नेरूळच्या पाणथळ जागेवर गोल्फ आणि निवासी मनोरे यायचे होते. स्थानिक रहिवासी न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती परवानगी रद्द केली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. जिथे रोहित उतरतात ती जागाही कागदावर रिकामीच होती.

गोव्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी गोवेकरांनाही विचारावं. जपानी गोल्फ पर्यटकांसाठी मैदानं काढायची टूम तिथे 1990 च्या सुमाराला निघाली तेव्हा जागृत गोंयकारांची फौज तिच्याविरुद्ध उभी राहिली होती. पुढे 1993 च्या एप्रिलमध्ये आशियातल्या कार्यकर्त्यांनी गोल्फविरोधी जागतिक चळवळच जाहीर केली. तिच्या पुढाऱ्यांत जपानी माणूस होता, कारण गोल्फच्या औषधांनी पाणी नासल्याच्या तक्रारी खुद्द जपानमध्येही होत्या. आणि अगदी आपल्या वेशीवरचं तेरेखोल. नदीच्या अलीकडे, महाराष्ट्राला चिकटून असलेलं हे गोव्याचं एवढंसं गाव. रस्त्याने जायचं तर आपल्याच सिंधुदुर्गातून जावं लागतं. तिथल्या काजूबागांच्या पठारावर लीडिंग हॉटेल्स कंपनीचं गोल्फ रिसॉर्ट यायचं होतं. जमीन कुळांची की मालकाची, हा वाद पेटला, 2015 मध्ये यंत्रं आली तेव्हा गाव आडवं उभं राहिलं, आणि मामला कोर्टकचेऱ्यांत गेला. तिथेही गावाला रोजगाराचंच आमिष होतं.

रोजगाराचं म्हणाल तर थोडक्यात सांगतो. मैदानावर माळी लागतात, यंत्र चालवणारे लागतात, आणि पाहुण्याची पिशवी वाहणारे कॅडी लागतात, ज्यांना आपल्याकडच्या बहुतेक क्लबांत पगार नसतो, फेरीचे पैसे मिळतात. उलट आज पुळ्यात येणारा साधा माणूस खानावळीत जेवतो, घरगुती निवासात राहतो, नारळपाणी पितो, पोराला उंटावर बसवतो, कोकम आणि आंबापोळी घेऊन जातो. त्याचे शे-दोनशे रुपये वीस हातांत पडतात. चार रात्री राहणारा श्रीमंत पाहुणा फाटकाच्या आतच जेवतो, कारण आत सगळं असावं म्हणूनच तर ते फाटक बांधलेलं असतं. शंभर बंगल्यांची वसाहत गावाला किती देते आणि गावाच्या विहिरीतून किती घेते, याचा ताळेबंद मांडायला कोणाची बंदी नाही.

कोकणचा कॅलिफोर्निया करण्याचं स्वप्न आमच्या दोन पिढ्यांना दाखवलं गेलं. त्या कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, पाम स्प्रिंग्जच्या परिसरात शंभराहून जास्त गोल्फ मैदानं आहेत. आणि 1 एप्रिल 2015 रोजी त्याच राज्याच्या गव्हर्नरने शहरी पाणीवापर 25 टक्क्यांनी कापायचा आदेश काढला, लोकांना अंगणातली हिरवळ उपटायला सरकार पैसे देऊ लागलं, मैदानांनीही कडेचं गवत काढून टाकलं. त्यांनी जे गवत पैसे मोजून उपटलं ते आपण पैसे मोजून लावावं, हा सल्ला मला तरी पटत नाही. पुळ्याला पैसा हवाच असेल तर तो अंगारकीला ओसंडणाऱ्या शौचालयांना, कचऱ्याला आणि सांडपाण्याच्या एका धड केंद्राला हवा आहे. त्यातून निघालेलं शुद्ध पाणी नारळी-पोफळीच्या वाड्यांना घालता येईल. त्यासाठी मैदान कशाला?

इतकं करूनही ज्याला खरोखर फक्त खेळायचंच आहे त्याच्यासाठी मार्ग आहे, आणि तो शाश्वत गोल्फच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जुना आहे. आपल्या देशातल्या कोरड्या छावण्यांत लष्करी अधिकारी वर्षानुवर्षं 'ब्राउन्स'वर खेळत आले. ग्रीनच्या जागी तेल शिंपडून दाबलेली वाळू. ऑस्ट्रेलियात कूबर पीडीला मैदानावर गवताचं पातं नाही, तरी त्या क्लबच्या सभासदांना थेट सेंट अँड्रूजला खेळायचा मान आहे. चिरेखाणीने आधीच पोखरून सोडलेला एखादा तुकडा घ्या, जिथे फूल नाही आणि चित्रही नाही. वाळू दाबा, झेंडे रोवा, डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळच्या गारव्यात खेळा. पाणी नाही, औषध नाही, कुंपण नाही, बंगलेही नाहीत. असा प्रस्ताव घेऊन कोणी ग्रामसभेत आला तर त्याच्या बाजूने हात वर करायला मी तयार आहे. गोल्फचा प्रचार करणाऱ्या इतक्या मंडळींपैकी एकानेही तो अजून मांडलेला मी ऐकलेला नाही.